लाभार्थी उभा आहे

त्या वर्षी सरकारने शेतीसाठी भरघोस निधी ठेवला. इतका भरघोस, की तो घ्यायला पुरेसे शेतकरी आहेत की नाहीत अशी शंका खुद्द अर्थखात्यालाच आली. शेतकरी हा धोरणाच्या केंद्रस्थानी असेल, असं धोरणाच्या पहिल्याच पानावर छापलं होतं. पण केंद्रस्थानी ठेवायचा तर तो आधी सापडायला हवा. तेव्हा निधीचा पहिला मोठा वाटा शेतकरी शोधण्यावर खर्च करायचं ठरलं.

शोधायचा कसा, यावर समिती बसली. जमिनीच्या कागदांवर भरवसा ठेवायला समिती तयार नव्हती, कारण कागदोपत्री शेती असलेले बरेच लोक समितीतच बसले होते. म्हणून नवी व्याख्या केली गेली: भर दुपारी, उन्हात, शेतात उभा असेल तो शेतकरी. व्याख्या वाचून दाखवली तेव्हा सगळ्यांना भरून आलं. मग वरून चित्रं टिपणारी उडती यंत्रं खरेदी झाली, ती गरम होऊ नयेत म्हणून त्यांच्यासाठी वातानुकूलित खोल्या बांधल्या, खोल्यांचं उद्घाटन झालं, आणि उरलेल्या पैशात सर्वेक्षण सुरू झालं.

आता बघा, मिरचीतात्याचं शेत हमरस्त्याला लागून होतं. मिरचीतात्या हे नाव त्याला पिकावरून पडलं होतं, स्वभावावरून नव्हे. स्वभावातला तिखटपणा सगळा बायकोकडे होता. तात्या आपला मवाळ, कोणी थांब म्हटलं की थांबणारा. त्या वर्षी मिरची झकास फुलावर आली आणि नेमका तेव्हाच विहिरीवरचा पंप जळाला. विहिरीत पाणी काठोकाठ, पण ते वर आणणार कोण? बायको बादल्यांनी पाणी शेंदायची. हाताला फोड आले तरी कडेच्या दोनचार ओळींपलीकडे ओल जाईना. मधल्या झाडांची फुलं गळायला लागली.

नोंदणीकृत शेतकऱ्याला नवा पंप फुकट, अशी योजना होती. म्हणून तात्या नोंदणीसाठी कृषी कार्यालयात जाऊ लागला. सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर, संध्याकाळी दाराला कुलूप लागेपर्यंत बाकावर. कधी संगणक बंद असायचा, कधी संगणकवाल्या मॅडम. ज्या दुपारी ते उडतं यंत्र त्याच्या शेतावर घिरट्या घालून गेलं, त्या दुपारीही तात्या बाकावरच बसून होता. बायको मिरचीत वाकून खुरपत होती. आणि शेताच्या मधोमध, दोन्ही हात पसरून, तात्याचा जुना शर्ट घालून बुजगावणं उभं होतं.

हे बुजगावणं बायकोनेच केलं होतं. काठ्यांचा सांगाडा, छातीला पेंढा, गोणपाटाच्या पिशवीत पेंढा भरून केलेलं डोकं, कोळशाने काढलेले डोळे. नवऱ्याचा शर्ट घालून नवऱ्यासारखंच गप्प उभं राहतं म्हणून ती त्याला ‘भावोजी’ म्हणायची. जाता येता त्याच्याशी बोलायची सुद्धा. “काय भावोजी, आज तरी हात खाली घ्या.” पाखरं त्याला अजिबात घाबरत नव्हती. हा खोटा माणूस आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

काही दिवसांनी मॅडमनी तात्याला खिडकीशी बोलावलं.

“अभिनंदन काका, तुमच्या शेतातला शेतकरी सापडला.”

“सापडला? मग माझा पंप?”

“मंजूर आहे. त्यांना पाठवून द्या घ्यायला.”

“कोणाला?”

मॅडमनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. तात्या चष्मा पुसून बघतो, तर पडद्यावर भावोजी. खाली हिरव्या अक्षरांत: लाभार्थी. उपस्थिती उत्तम.

“अहो मॅडम, हे बुजगावणं आहे!”

“असेल. पण हजर होतं.”

“आणि मी? शेत माझं आहे!”

मॅडमनी तात्याचा चेहरा संगणकाला दाखवला. यंत्राने जरा विचार केला आणि टुणकन आवाज केला. “यंत्र तुम्हाला आमचे कर्मचारी दाखवतंय,” मॅडम म्हणाल्या. “दारावरच्या कॅमेऱ्यात रोज दिसता ना. खरं सांगू का, अख्ख्या कार्यालयात पूर्ण हजेरी तुमची एकट्याचीच आहे. आणि सरकारी कर्मचाऱ्याला शेतकऱ्याची योजना घेता येत नाही. नियम कडक आहे.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “काका, परवा तुम्ही जेवून उशिरा आलात. त्याची कारणे दाखवा नोटीस निघालीये. उत्तर तेवढं देऊन टाका.”

तात्याने कपाळाला हात लावला. मग त्याला एकदम आठवलं. “माझी बायको! ती होती की शेतात. दिवसभर होती.”

मॅडमनी चित्र मोठं करून पाहिलं. “हं, पिकात काहीतरी हललंय खरं. ‘इतर हालचाल’ म्हणून नोंद आहे. वाकल्या होत्या का त्या?”

“खुरपत होती.”

“मग बरोबर आहे. व्याख्येत ‘उभा असेल तो’ म्हटलंय.”

हे घरी सांगावं की नाही, असा तात्याला रस्ताभर प्रश्न पडला. सांगितलं. भावोजी शेतकरी झाले हे ऐकून बायको पोट धरून हसली. नवरा सरकारी नोकर झाला हे ऐकून तर तिला ठसकाच लागला. “आता तरी पगार आणा घरी!” मग तिने विचारलं, “आणि मी कोण?” तात्या हळूच म्हणाला, “इतर हालचाल.” ती हसायची थांबली. हातावरचे फोड बघत बसली.

“लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या शेतात माझी कंबर वर झाली नाही,” ती म्हणाली, “आणि मी इतर?”

तिला वाईट वाटलं, आणि तिला वाईट वाटलं की ती भांडते. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याचा हात धरून थेट कृषी कार्यालयातल्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

साहेब माणूस चांगला होता. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं, पंखा त्यांच्याकडे वळवला, सगळं नीट ऐकून घेतलं.

“वहिनी, मी काय आंधळा आहे का? ते बुजगावणं आहे हे मला दिसतंय. पण मला दिसून काय उपयोग? यंत्रणेला दिसायला हवं.”

“मग दाखवा तिला!”

“दाखवायचं तर पुन्हा सर्वेक्षण करावं लागेल. त्यासाठी निधी लागेल. आणि यंदाचा निधी पहिलं सर्वेक्षण यशस्वी झाल्याच्या जाहिरातीवर खर्च झालाय.”

“मग मी आज घरी जाते आणि त्या भावोजींना चुलीत घालते. म्हणजे शेतकरी म्हणून कोणी उरणारच नाही.”

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. “असलं काही करू नका हो! शेतकरी बेपत्ता अशी नोंद होईल. चौकशी लागेल. संशय कोणावर जाईल? ज्यांच्या घरात चूल आहे त्यांच्यावर!” मग ते खाली बसले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “वहिनी, वाकड्यात शिरू नका. पंप त्यांच्या नावावर आला तरी विहीर तुमचीच आहे ना? पाणी मिरचीलाच जाणार. नाव कोणाचं का असेना. फक्त त्यांना जपा.”

बोलणं तसं पटण्यासारखं होतं. मिरची वाळत होती आणि अभिमानाने काही ती भिजली नसती. दोघं घरी आली आणि भावोजींना जपू लागली. बायकोने त्यांचा शर्ट धुऊन काढला, डोळे नव्याने काढले. दिवसाआड कार्यालयातली माणसं यायची. एकदा शेतकरी संवाद कार्यक्रम झाला. गाडीतून तज्ज्ञ उतरले, शेतात छत्री उघडून उभे राहिले आणि भावोजींसमोर पाण्याच्या काटकसरीवर बराच वेळ बोलले. “काही शंका?” त्यांनी शेवटी विचारलं. वारा पडला होता, भावोजी हलले नाहीत. तज्ज्ञांनी लिहून घेतलं की शेतकरी पूर्ण समाधानी आहे. तात्या बांधावर हात वर करून उभा होता, त्याला खूप शंका होत्या, पण कर्मचाऱ्यांनी मध्ये बोलायचं नाही असं त्याला बजावण्यात आलं.

पंप मात्र येईना. कारण कळलं ते वेगळंच. आदर्श शेतकरी पुरस्कारासाठी सगळ्या नोंदी यंत्रात घातल्या होत्या आणि यंत्राने एकमताने भावोजींना निवडलं होतं. पाण्याचा वापर शून्य. तक्रारी शून्य. मोर्चात सहभाग नाही, भाव वाढवून मागितल्याची नोंद नाही, नुकसानभरपाई मागितलेली नाही. मंत्री म्हणे नोंद वाचून म्हणाले की इतक्या वर्षांत असा शेतकरी त्यांच्या पाहण्यात आला नव्हता. आता पंप मंत्र्यांच्या हस्ते मिळणार होता.

“त्यांना घेऊन या मैदानावर,” साहेब म्हणाले. “स्वतः हजर राहिल्याशिवाय पंप मिळत नाही.”

कार्यक्रमाच्या दिवशी तात्याने भावोजींना उपटून खांद्यावर घेतलं. बायको मागून शर्टाची बाही सावरत चालली. मैदानावर भला मोठा मांडव होता, गार हवेची यंत्रं होती, अर्धा निधी तर तिथेच दिसत होता. मांडवामागे पशुधन खात्याचं प्रदर्शन भरलं होतं. साहेबांनी भावोजींना मांडवामागे एका खांबाला टेकवून ठेवलं आणि तात्या आणि बायकोला पाणी प्यायला पाठवलं. दोघं पाणी पिऊन परत येतात, तर प्रदर्शनातली पहिल्या क्रमांकाची गाय भावोजींचं डोकं खात होती.

तात्या ओरडत धावला. गायीशेजारचा माणूस आडवा आला. “हात लावायचा नाही! ही आमच्या खात्याची लाभार्थी आहे.”

“अहो, पण तिने आमच्या शेतकऱ्याला खाल्लं!”

“तुमचं खातं वेगळं. आमच्या खात्याला लेखी कळवा.”

तोवर साहेब धावत आले. भावोजींच्या गळ्यापर्यंतचा पेंढा संपला होता आणि गाय आता छातीच्या पेंढ्याकडे वळली होती. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. तिकडे ध्वनिवर्धकावर आदर्श शेतकऱ्याचं नाव पुकारायला सुरुवात झाली होती. साहेबांनी कधी नव्हे ते हात जोडले, तेही तात्यापुढे. “काका, काहीतरी करा. माझी नोकरी जाईल. तुमचा पंप जाईल.”

बायकोने रिकामी गोणपाटाची पिशवी उचलली, झटकली आणि नवऱ्याच्या डोक्यावर चढवली. मग भावोजींचा जुना शर्ट त्याच्या अंगात घातला आणि काठी पाठीशी बांधली.

“हात पसरा,” ती म्हणाली.

“अगं पण...”

“वाळणारी मिरची डोळ्यांसमोर आणा आणि हात पसरा.”

साहेब कानाशी लागले. “तोंड उघडायचं नाही. काहीही झालं तरी. बोललात तर तुम्ही तुम्ही आहात हे कळेल.”

दोन शिपायांनी तात्याला उचलून व्यासपीठावर उभं केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. गोणपाटाच्या विणीतून त्याला समोरची माणसं धूसर दिसत होती. एवढे लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवताना त्याने आयुष्यात पाहिले नव्हते. मंत्र्यांनी गळ्यात पदक घातलं आणि खांद्यावर हात ठेवला. तात्याचा खांदा गरम होता, घामाने भिजला होता, आतून थरथरत होता. मंत्र्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ते बरीच वर्षं राजकारणात होते.

“बोला,” मंत्री मोठ्या मनाने म्हणाले, “सरकारकडून काही मागायचंय का?”

मागायचं नव्हतं असं काय होतं? तात्याच्या ओठाशी सगळं एकदम आलं. दुपारी वीज द्या. मिरचीला भाव द्या. माझ्या बायकोला माणसात मोजा. पिशवीच्या आत त्याने तोंड उघडलं सुद्धा. त्याला इतका राग आला होता आणि इतकी लाज वाटत होती की डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. मग त्याला शेवटच्या रांगेत उभी असलेली बायको दिसली. तिने फोड आलेले हात पदराखाली घेतले होते. बाजूलाच रंगीत कागदात गुंडाळलेला पंप होता.

त्याने तोंड मिटलं.

“पाहिलंत?” मंत्री लोकांकडे वळले. “याला म्हणतात शेतकरी!” पुन्हा टाळ्या झाल्या. व्यासपीठावरच्या कॅमेऱ्याने लाभार्थ्याची नवी नोंद घेतली, या वेळी जवळून, पायाच्या नखांसकट.

पंप आला. दुसऱ्या दिवशी बसवला सुद्धा. पंपावर एक छोटा कॅमेरा होता, योजनेचा गैरवापर होऊ नये म्हणून. लाभार्थी शेतात न हलता उभा दिसला तरच पंप चालू व्हायचा. बायकोने मोठ्या हौसेने ताजा पेंढा भरून भावोजींना पुन्हा उभं केलं. कॅमेऱ्याने भावोजींकडे नीट पाहिलं, पायाची नखं शोधली, ती सापडली नाहीत. पंपावर लाल दिवा लागला: लाभार्थी बनावट आहे.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तात्याने भावोजींचा शर्ट काढून आपल्या अंगात घातला, पिशवी डोक्यावर ओढली आणि शेताच्या मधोमध जाऊन हात पसरले. पंप घरघरला आणि पाणी आलं. भसाभसा आलं, पाट भरून मधल्या ओळींपर्यंत गेलं. बायकोने पाण्यात पाय बुडवले आणि किती दिवसांनी मनापासून हसली. “भावोजी,” तिने हाक मारली, “हलू नका हां!” पिशवीतून तात्याही हसला, पण जरासाच. जास्त हसलं की खांदे हलायचे आणि पंप बंद पडायचा.

तेव्हापासून असंच चाललंय. तात्या उभा राहतो. खुरपणं, फवारणं, पाण्याची बारी धरणं, तोडणं, पोती भरणं हे सगळं बायको करते. पाखरं तात्याच्या हातावर येऊन बसतात. मिरची मात्र अशी आली की बघत राहावं. कार्यालयातला त्याचा बाक रिकामा असल्यामुळे त्याला गैरहजेरीची नोटीस आली आहे, पण त्याचं उत्तर द्यायला जावं तर पंप बंद पडेल.

परवा रस्त्यावर एक गाडी थांबली. आतून एक नवरा, एक बायको आणि त्यांची छोटी मुलगी उतरली. चांगली माणसं होती, शेतकऱ्यांबद्दल कळवळा असणारी. “बघ सोनू,” वडील म्हणाले, “हा शेतकरी. हा उन्हात उभा असतो म्हणून आपण जेवतो. नमस्कार कर.” मुलीने नमस्कार केला. वडिलांनी तात्याचा फोटो काढायला मोबाइल वर धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या. फोटोत मागे कोणीतरी डोक्यावर मिरचीचं पोतं घेऊन चाललं होतं.

“ओ बाई,” ते हाक मारून म्हणाले, “जरा बाजूला होता का? मध्ये येताय.”

ती बाजूला झाली. मग त्यांनी तिच्याकडूनच मिरची घेतली, भाव थोडा पाडून.

तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. खाली ‘अन्नदात्याला मानाचा मुजरा’ असं लिहिलंय, आणि तुम्ही तो चारजणांना पाठवलाही असेल. पुन्हा पाठवाल तेव्हा तेवढी डावी कड कापून टाका. तिथे पोत्याचं एक टोक आणि कोणाचा तरी हात दिसतो, उगाच.